गणवेशाच्या बाहेरची शाळा

गणवेशामुळे मुलांमधला आर्थिक फरक झाकला जातो, अशी आपली समजूत आहे. मुलीच्या शाळेत पालक म्हणून ये-जा सुरू झाल्यापासून मात्र मला जाणवू लागले आहे की तो फरक दप्तर, पाण्याची बाटली, कंपासपेटी, बूट अशा वस्तूंकडे सरकतो आणि वाढदिवसाला तर उघडाच पडतो. त्या दिवशी रंगीत कपड्यांत यायची मुभा असते आणि वर्गात खाऊ वाटला जातो. आमच्या वेळी मूठभर लिमलेटच्या गोळ्यांवर भागत असे. आता ‘सगळे देतात’ म्हणून प्रत्येकाला पेन, खोडरबर आणि चॉकलेट असलेली पिशवी द्यावी लागते. हे सगळे म्हणजे कोण, असे मुलीला विचारले, तेव्हा ती तिसऱ्या नावावरच अडखळली.

तिला कोणी चिडवले नव्हते की आग्रहही केला नव्हता. तिने नुसते पाहिले आणि आपण कुठे कमी पडू, हे मनाशी ताडले. अशा न बोललेल्या दबावाला ‘तू कोणाचे ऐकू नकोस’ हा आपला ठरलेला उपदेश लागूच पडत नाही, कारण ऐकण्यासारखे कोणी काही बोललेलेच नसते.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी 1950च्या दशकात अमेरिकेतील महाविद्यालयीन तरुणांवर केलेले प्रयोग मला या संदर्भात महत्त्वाचे वाटतात. दिलेल्या रेषेइतकी लांब रेष तीन रेषांमधून ओळखायची, एवढे सोपे काम होते. परंतु आधीच पढवून ठेवलेले इतर सर्वजण एकमुखाने चुकीचे उत्तर देऊ लागले, की सुमारे तीन-चतुर्थांश तरुण निदान एकदा तरी त्यांच्यामागे गेले. गटातील एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी चुकांचे प्रमाण आधीच्या जवळपास एक-चतुर्थांशावर येई, आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायचे असले तरीही ते बरेच घटत असे. हे तरुण वयाने मोठे होते आणि भोवतालच्या लोकांबरोबर त्यांना थोडाच वेळ बसायचे होते. दहा वर्षांच्या मुलीला तर त्याच बाकावर वर्षभर बसायचे असते.

म्हणूनच बाक बदलताना एखाद्या बुजऱ्या मुलाची जमलेली एकुलती एक जोडी मोडू नये, असे मी वर्गशिक्षिकांना आवर्जून सांगितले. ‘कोणाला समजले नाही?’ असे विचारून हात वर करायला लावण्याऐवजी शंका चिठ्ठीवर लिहून घेतल्या, तर अधिक मुले खरे सांगतील, असेही मी सुचवले. त्यावर त्या हसल्या आणि पंचावन्न चिठ्ठ्या वाचायला वेळ कोणाला आहे, असे म्हणाल्या. त्यांचेही खोटे नव्हते. वाढदिवसाला एकच गोळी वाटावी, असा नियम मात्र शाळेने करावा, यावर आमचे एकमत झाले, कारण मग पिशवी का आणली नाही, याचे उत्तर मुलांना द्यावे लागणार नाही.