तुम्ही विचारलंत म्हणून : मजला रिकामा करणारी माणसं कशी तयार करायची?

"विद्यापीठात प्रत्येक इमारतीसाठी कर्मचाऱ्यांमधून स्वयंसेवक निवडायला सांगितलंय. लिपिक आहेत, प्रयोगशाळा परिचर आहेत, ग्रंथालयातले दोघं आहेत. यांना आग विझवायला कसं शिकवायचं, आणि एक दिवस पुरेल का?" इस्टेट विभागातली मंडळी विचारतात, विभागप्रमुख विचारतात, वसतिगृहांचे रेक्टर विचारतात. बाकी शब्द बदलतात, 'आग विझवायला' तेवढं कायम असतं.

घोळ तिथूनच सुरू होतो. स्वयंसेवकाचं काम आग विझवणं नाही. आपला मजला रिकामा करायचा आणि खाली येऊन आत कोण राहिलं ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. अग्निशमन दलाचा अधिकारी गाडीतून उतरतो तोच विचारत, "आत कोणी आहे?" याला "दुसरा मजला, पूर्वेची बाजू, २०७ मधून आवाज येतोय, दार उघडलेलं नाही" असं उत्तर मिळालं, तर जवान थेट २०७ गाठतात. "बहुतेक सगळे आलेत" असं मिळालं, तर धुरात सगळी इमारत चाळत बसावी लागते. माझ्या मते प्रशिक्षणातला निम्म्याहून जास्त वेळ या एका उत्तरावर खर्च व्हायला हवा. होतं उलटंच. मैदानात पत्र्याच्या ट्रेमध्ये जाळ करायचा, चौघांनी आग विझवायचा सिलिंडर मारायचा, फोटो काढायचे, चहा, घरी.

आधी नावाचं बघा. परिपत्रकात 'फायर वॉर्डन' लिहिलेलं असतं आणि विद्यापीठाच्या आवारात वॉर्डन म्हणजे वसतिगृहातले सर किंवा मॅडम. "वॉर्डनला विचारा" म्हटलं की पोरं भलत्याच माणसाला शोधत जातात. 'मजला-प्रमुख' म्हणा, 'फ्लोअर मार्शल' म्हणा, पण वॉर्डन नको.

माणसं निवडताना हुद्दा बघू नका, बसायची जागा बघा. प्राध्यापक तासाला दुसऱ्या इमारतीत असतात, बैठकीला असतात, रजेवर असतात. दिवसभर त्याच मजल्यावर कोण असतं? परिचर, कार्यालयातले लिपिक आणि सफाईच्या मावशी. कुठलं दार ओढल्याशिवाय लागत नाही, गच्चीची किल्ली कुणाकडे असते, कुठल्या स्वच्छतागृहाची कडी आतून अडकते, हे मावशींना जितकं माहीत असतं तितकं इमारतीच्या नकाशालाही नसतं. मजल्याच्या प्रत्येक बाजूला दोघं आणि रजेच्या दिवसांसाठी एक जादा, असा हिशेब धरा. एका बाजूची पाहणी दोन मिनिटांत होत नसेल तर माणसं वाढवा. वेग वाढवायला सांगू नका, कारण घाईत स्वच्छतागृहच सुटतं.

मात्र शिपायानं विभागप्रमुखांना "सर, उठा, खाली चला" म्हणणं आपल्याकडे सोपं नाही. तो दारात उभा राहून "सर, बेल वाजतेय" इतकंच म्हणतो, आणि सर "हो हो, एवढी सही करतो" म्हणतात. यावर प्रशिक्षणाचा इलाज चालत नाही, कागदाचा चालतो. घंटा वाजल्यापासून 'सर्व सुरक्षित' जाहीर होईपर्यंत मजला-प्रमुखाचा शब्द शेवटचा, अशा अर्थाचं कुलसचिवांच्या सहीचं पत्र काढा आणि ते प्रत्येक विभागात लावा. पहिल्या सत्राला कुलसचिव स्वतः दहा मिनिटं येऊन हेच बोलले तर फारच उत्तम.

आता वेळ. एक अख्खा दिवस देण्यापेक्षा दोन-दोन तासांची तीन सत्रं घ्या, मध्ये आठवड्याचं अंतर ठेवा, आणि एका गटात बारापेक्षा जास्त माणसं नकोत.

पहिलं सत्र वर्गात घेऊच नका. प्रत्येकाला आपापल्या इमारतीत तळापासून गच्चीपर्यंत चालवा आणि प्रत्येक दार हातानं उघडायला लावा. दुसऱ्या जिन्याच्या तोंडाशी सरकती लोखंडी जाळी असते आणि तिला कुलूप असतं. कधी चोरीचं कारण, कधी परीक्षेतल्या कॉपीचं, कधी हजेरीचं. ग्रंथालयात पुस्तकं जाऊ नयेत म्हणून एकच दार चालू असतं. मुलींच्या वसतिगृहाला रात्री बाहेरून कुलूप पडतं आणि किल्ली रेक्टरांच्या उशाशी असते. "किल्ली आणा" म्हणा आणि घड्याळ लावा. जितकी मिनिटं लागतील तितकी मिनिटं तो जिना नाही, असं धरायचं. २४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला आर्केडला आग लागली तेव्हा वरच्या शिकवणीतल्या मुलांना जिना उरला नव्हता. कित्येकांनी खिडकीतून उड्या टाकल्या. २२ जीव गेले. सुटकेचं दार आतून, किल्लीशिवाय, एका हातानं उघडलं पाहिजे. जिथे तसं नाही त्या दारांची यादी त्याच दिवशी लेखी करून इस्टेट विभागाला द्या. प्रशिक्षणातून यादीशिवाय दुसरं काही निघालं नाही, तरी ते सत्र वसूल.

याच फेरीत आगीच्या सूचनेचं पॅनेल दाखवा. ते बहुधा तळमजल्यावर सुरक्षारक्षकाच्या मागे असतं. धुळीनं डिटेक्टर चुकीचा वाजतो, रक्षक वैतागतो आणि हूटर, म्हणजे इशाऱ्याची घंटा, कायमचा 'सायलेन्स' करून ठेवतो. दुसरी चूक याहून वाईट. घंटा वाजली की पहिल्यांदा 'रीसेट' दाबायचं. रीसेट केलं की कुठल्या झोनमधून, म्हणजे इमारतीच्या कुठल्या भागातून, इशारा आला ते पडद्यावरून जातं. म्हणून क्रम पाठ करून घ्या : झोन वाचा, लिहून घ्या, माणूस पाठवा. रीसेट सगळ्यात शेवटी. आग विझवायच्या पाण्याच्या पंपघरातही डोकवा. मुख्य पंपाचा स्विच 'ऑटो'ऐवजी 'मॅन्युअल'वर आणि डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली, हे इतक्या ठिकाणी आढळतं की मी आता आधी तिकडेच बघायला सांगतो. दुरुस्ती स्वयंसेवकाची नाही. पण दिसलेलं सांगणं त्याचं आहे.

दुसरं सत्र पाहणीचं, म्हणजे मजला चाळायचं. सुरुवात जिन्यापासून सर्वांत लांबच्या टोकाकडून करायची आणि जिन्याकडे येत जायचं. उलट केलं तर शेवटी आपण बंद टोकाला आणि जिना धुरापलीकडे. प्रत्येक दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू दाराच्या वरच्या भागाला लावून बघायची. गरम लागलं तर उघडायचं नाही, खोलीचा क्रमांक लक्षात ठेवून पुढे जायचं. गार असेल तर उघडून आत पाऊल टाकायचं आणि मोठ्यानं हाक मारायची. नुसतं डोकावलं तर कपाटामागे हेडफोन लावून बसलेला पीएचडीचा विद्यार्थी दिसत नाही. बाहेर येताना दार ओढून घ्यायचं, कुलूप लावायचं नाही, आणि खडूनं दारावर फुली मारायची. बंद दार धूर अडवतं, आणि फुलीमुळे दुसरा स्वयंसेवक तीच खोली पुन्हा बघत नाही.

याचा सराव कार्डांनी घ्या. पोस्टकार्डाएवढी आठ लाल कार्डं मजल्यावर ठेवा : स्वच्छतागृहाच्या बंद कप्प्यात, डार्करूममध्ये, झेरॉक्सच्या कोपऱ्यात, लिफ्टसमोर, गच्चीच्या दाराशी, विभागप्रमुखांच्या आतल्या खोलीत, भांडारात, शिपायांच्या बाकाखाली. दोन मिनिटांत जितकी मिळतील तितकी आणायची. पहिल्या फेरीत आठही क्वचितच येतात. सुटतं ते स्वच्छतागृह आणि भांडार. पुरुष स्वयंसेवक महिलांच्या स्वच्छतागृहात जायला लाजतो. म्हणून प्रत्येक बाजूच्या जोडीत एक बाई असलीच पाहिजे.

खाली आल्यावरचं वाक्यही तालमीसारखं घोटून घ्या. मजला, बाजू, रिकामा आहे की नाही, काय पाहिलं नाही. "तिसरा, पश्चिम, रिकामा, भांडाराला कुलूप, पाहिलं नाही." न पाहिलेलं सांगायला लोक संकोचतात, आपलीच चूक वाटते. खरं तर अधिकाऱ्याला हवं असतं ते तेवढंच.

चाकाच्या खुर्चीवरच्या विद्यार्थ्यांबद्दल नेहमी शेवटी आठवतं. त्यांच्याशी आधी बोला आणि त्यांच्या संमतीनं प्रत्येकाची स्वतंत्र योजना लिहा : कुठल्या वारी कुठल्या मजल्यावर तास, सोबत कोणती दोन माणसं, उचलायचं कसं. उचलायची पद्धत त्यांनाच विचारायची. विजेवर चालणारी खुर्ची जड असते, ती मागे ठेवून माणूस उतरवायचा. उतरवणं जमत नसेल तर बंद दाराआड, जिन्याच्या सुरक्षित चौकात एकानं त्यांच्याजवळ थांबायचं आणि दुसऱ्यानं खाली जाऊन जागा सांगायची. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा हात धरून ओढायचं नाही. आपलं कोपर पुढे करायचं, तो धरेल, पायऱ्या आल्या की सांगायचं.

तिसऱ्या सत्रात येऊ द्या सिलिंडर. सरावासाठी नवे विकत घेऊ नका, रिफिलची मुदत आलेले तेवढ्यासाठी राखून ठेवा. ट्रेमधला जाळ मात्र अग्निशमन दलाच्या किंवा परवानाधारक एजन्सीच्या माणसानंच करायचा. बहुतेक जण अडतात ते पिनेवर : घाबरून आधी दांडी दाबतात, दांडी दाबलेली असली की पिन अडकते आणि "हा खराब आहे" म्हणून सिलिंडर टाकून देतात. दांडी सोडा, पिन पिळून ओढा, मग दाबा. अंतर अडीच-तीन मीटर. फार जवळून मारलं तर फवाऱ्याच्या जोरानं पेटतं तेल उडतं. सहा किलोचा पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कुणाला पटत नाही. बंद खोलीत पावडरीनं समोरचं काही दिसेनासं होतं, म्हणून दार कायम पाठीशी. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा भोंगा, म्हणजे वायू बाहेर येतो ते तोंड, हातात धरायचा नाही, गारठ्यानं कातडी चिकटते. आणि छोट्या खोलीत तो वायू मारून आत थांबायचं नाही, गुदमरायला होतं.

केव्हा मारायचा? आग कचऱ्याच्या टोपलीएवढी, घंटा वाजलेली, सोबत दुसरा माणूस, पाठीशी मोकळं दार. चारही असतील तर एक सिलिंडर. विझली नाही तर दार ओढून घ्या आणि निघा. दुसरा आणायला पळायचं नाही. रसायनशास्त्रात सोडियम-पोटॅशियमच्या आगीवर पाणी, नेहमीची पावडर, कार्बन डायऑक्साइड काहीच चालत नाही. कोरडी वाळू लागते, आणि ती बादली खरंच कोरडी आहे का हे पावसाळ्यात हात घालून बघायचं.

मेसमधला गॅस हा वेगळा धडा. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत आणि गटाराच्या जाळीत साचतो. पाइपचा गॅस हलका, छताकडे जातो. दोन्हींत दिवा लावायचा नाही आणि विझवायचाही नाही, स्विचला बोटच नको. तिथे विजेची घंटा दाबण्याऐवजी ओरडून लोकांना बाहेर काढायचं आणि फोन बाहेर गेल्यावर. लिफ्टमध्ये माणूस अडकला तर दारं फाकवायची नाहीत. दोन मजल्यांमध्ये थांबलेल्या लिफ्टमधून उतरताना माणूस खालच्या पोकळीत जाऊ शकतो. बोलत राहायचं, लिफ्टच्या तंत्रज्ञाला बोलवायचं. भूकंपात तर सगळंच उलट : हादरे चालू असताना पळायचं नाही, टेबलाखाली बसून टेबलाचा पाय धरायचा, थांबल्यावर जिन्यानं उतरायचं. किल्लारीचा धक्का ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास बसला होता, तेव्हा वसतिगृहाची तालीम दिवसा घेऊन भागत नाही.

एकत्र जमायची जागा नकाशावर नव्हे, प्रत्यक्ष उभं राहून ठरवा. रोहित्राशेजारी नको, गॅस बँकेजवळ, म्हणजे गॅसचे सिलिंडर एकत्र ठेवतात तिथे, नको, बंबाच्या वाटेत नको, जुलैत पोकळ गुलमोहराखाली नको. आणि वर बघा. जुन्या उंच इमारतींच्या सज्ज्यांना आग्या मोहोळ लटकलेलं असतं; धुरानं ते उठलं तर मोकळ्या मैदानात शेकडो मुलं उभी करणं म्हणजे नवं संकट. तेव्हा दुसऱ्या इमारतीत शिरून दारं-खिडक्या लावायच्या. म्हणून जमायची जागा एक नाही, दोन हव्यात.

१०१ किंवा ११२ ला फोन करताना विद्यापीठाचं नाव पुरत नाही. कुठलं फाटक, कुठली इमारत, किती मजली, काय जळतंय, आत कोणी आहे का. मुख्य फाटकाच्या कमानीखालून बंब जातो का ते आधी मोजून ठेवा, आणि फाटकावर एक माणूस उभा करा जो गाडीला वाट दाखवेल. हे काम लहान वाटतं म्हणून कुणाला दिलेलंच नसतं.

तालमीचं वेळापत्रक सांगतो. आपल्याकडे सगळं १४ ते २० एप्रिलच्या अग्निशमन सेवा सप्ताहात उरकतात. मुंबई गोदीच्या १९४४ च्या स्फोटाची आठवण म्हणून तो पाळला जातो, ते ठीकच. पण १४ ला आंबेडकर जयंतीची सुट्टी आणि पुढे परीक्षा, म्हणजे इमारतीत नेहमीची गर्दीच नाही. खरी तालीम जुलैत, वर्ग भरल्यावर घ्या. राष्ट्रीय बांधकाम संहिता उंच इमारतींसाठी पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी कवायत सांगते. पहिली कवायत कळवून, दुसरी न कळवता, तिसरीत एक जिना दोरी बांधून बंद करून. तिसरीत इमारतीचं खरं रूप दिसतं.

आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांचं लक्षात असू द्या. अकरा महिन्यांनी माणूस बदलतो, त्याच्याबरोबर शिकवलेलं जातं, यादीत नाव मात्र तसंच राहतं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, जानेवारी आणि जुलैत द्यावंच लागतं. त्याच दोन महिन्यांत स्वयंसेवकांची यादी हातात घेऊन मजल्यामजल्यावर फिरा, प्रत्येक नावाला हाक मारा. ओ देणार नाही त्याचं नाव खोडा, आणि त्याचं जॅकेट, शिट्टी नि टॉर्च कुठल्या कुलूपबंद कपाटात आहे ते शोधून काढा.