शहानूरची जिप्सी, चिखलदऱ्याची खोली

मेळघाटचं नियोजन मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता उरकलं. पुणे ते बडनेरा रेल्वे, तिथून भाड्याची गाडी, चिखलदऱ्याला तीन रात्री. सफारीच्या बुकिंगला फाटक निवडावं लागतं. यादीत शहानूरच्या फाटकावर पहाटेची जिप्सी शिल्लक दिसली, म्हटलं घेऊन टाकू. मोबाइलच्या नकाशात चिखलदरा आणि शहानूर यांच्यात बोटाच्या एका पेराएवढं अंतर. संध्याकाळी घरी येऊन मी मोठ्या थाटात सांगितलंसुद्धा, "झालं सगळं."

झालं काहीच नव्हतं. निघायच्या तीन आठवडे आधी गाडीवाल्याला फोन केला, तेव्हा तो आधी गप्पच बसला. मग म्हणाला, "भाऊ, चिखलदऱ्याहून पहाटं शहानूरले कसं येता? रातीच निघा लागन."

त्याचं खरं होतं. मधे अख्खा डोंगर आहे. गाविलगडची रांग म्हणजे सातपुड्याची दक्षिण कड, वऱ्हाडच्या सपाटीतून एकदम भिंतीसारखी उठते. चिखलदरा 1118 मीटर उंचीवर, तर शहानूर खाली पश्चिमेला, अकोट तालुक्यात, नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याशी. गाडीने जायचं तर घाट उतरा, परतवाड्याला या, अंजनगाव करत अकोट गाठा आणि पुन्हा डोंगराकडे वळा. तीन तास धरा. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाबांना घेऊन मध्यरात्री घाट उतरायचा? बायकोने, मृणालने, माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मेळघाट म्हणजे एक ठिकाण नाही, हे मला तेव्हा कळलं. नावातच घाटांचा मेळ आहे. 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्यातल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी हे एक. याच्या पोटात गुगामल राष्ट्रीय उद्यान, भोवती अभयारण्याचं जंगल आणि त्यात कोरकू आदिवासींची गावं. शहानूर, सेमाडोह, हरिसाल, चिखलदरा ही टोकं वेगवेगळ्या दिशांना. इथे किलोमीटर मोजून उपयोग नाही, घाट मोजायचे. ताडोबाची सवय असलेल्यांची इथे हमखास चूक होते, कारण ताडोबा बऱ्यापैकी सपाट. (आम्हालाही खरं तर ताडोबालाच जायचं होतं. शनिवार-रविवारच्या जिप्सी मिळेनात म्हणून मेळघाट. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.)

मग कागद घेऊन बसलो आणि उलटीकडून सुरुवात केली. जिप्सी शहानूरची आहे ना, मग मुक्कामही तिथेच. बडनेऱ्याऐवजी अकोल्याला उतरायचं, अकोट-पोपटखेड करत शहानूरला दोन रात्री, मग अंजनगाव-परतवाड्यावरून चिखलदऱ्याला एक रात्र आणि शेवटी सेमाडोह. चिखलदऱ्याच्या हॉटेलवाल्याला फोन करताना मला लाज वाटत होती. तो मात्र हसला. "शहानूर घेतलं का? दर हिवाळ्यात एखादं गिऱ्हाईक असं करतंच." त्याने दोन रात्री सोडल्या.

अकोला म्हटल्यावर बाबा खूश. उमेदीची सहा वर्षं त्यांनी तिथल्या बँकेत काढलेली. तेव्हा अकोल्याहून खांडव्याकडे मीटरगेजची गाडी याच जंगलातून जायची. चढ सोपा व्हावा म्हणून धूळघाटला रूळ स्वतःभोवतीच गोल फिरवलेले. ब्रॉडगेज करायचं ठरलं, 2017 च्या सुरुवातीला जंगलातली गाडी थांबली, ती थांबलीच. बाबा या गाडीबद्दल इतकं बोलले की त्यांच्या नातवाने, ओजसने, वाघाचा विषय सोडून रेल्वेचाच धरला.

तयारीत माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो बाबांच्या गुडघ्यात. जिप्सीची पायरी उंच असते आणि वर चढताना धरायला लोखंडी दांडा तेवढा. घरी स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा स्टूल ठेवून बाबांनी आठवडाभर चढउताराचा सराव केला आणि तोच स्टूल आम्ही बरोबर नेला. रेल्वेत लोक बघत होते. शहानूरच्या फाटकावर मात्र आमच्या मागच्या जिप्सीतल्या आजींनी तो मागून घेतला, आणि दोन्ही दिवस स्टूल आमच्यापेक्षा त्यांच्याकडेच जास्त होता.

ओळखपत्रं मूळच हवीत, बुकिंगला जे दिलं तेच. ओजसचं आधार मी घरी विसरणार होतो, मृणालने आदल्या रात्री पाकीट तपासलं म्हणून निभावलं. पेट्रोल आणि रोख पैसे अकोट किंवा परतवाड्यालाच घ्या. पुढे मोबाइलला रेंज नसते, तिथे फोनवरून पैसे कुठून देणार? डिसेंबरची पहाट उघड्या जिप्सीत काय असते हे पुण्याच्या माणसाला सांगून कळत नाही. स्वेटरवर जर्किन, त्यावर मुक्कामाची रजई, तरी ओजसचे दात वाजत होते. माकडटोपीला हसू नका.

महिना कोणता, यावर घरात वाद झाला होता. वाघ बघायचा तर एप्रिल-मे, तेव्हा साग निष्पर्ण असतो आणि जनावरं पाणवठ्यावर येतात. पण वऱ्हाडातला मे आणि बाबा, हे गणित जमेना. पावसाळ्यात आतल्या सफारी बंद. राहिला हिवाळा. गवत उंच, साग अजून पानांत, म्हणजे दिसणार कमी हे धरूनच गेलो.

तसं कमीच दिसलं. एक रानगवा, रस्त्यापासून वीस फुटांवर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा, आमच्याकडे बघत चघळत उभा. सांबराचा धोक्याचा इशारा दोनदा ऐकला. वाघाचा पंजा धुळीत, त्यावरून आमच्या आधी गेलेल्या जिप्सीचं चाक. मृणालला हवा होता रानपिंगळा. 1884 नंतर हा पक्षी 113 वर्षं कुणाला सापडला नव्हता, 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि पुढे मेळघाटातही आढळला. वठलेल्या फांदीवर एक घुबड बसलेलं दिसताच तिने माझा हात दाबला. गाईडदादा कोरकू. त्यांनी दुर्बीण न लावताच सांगितलं, "ताई, डोक्यावर ठिपके आहेत ना? साधा पिंगळा. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं."

दुपारी नरनाळ्यावर गेलो. महाकाली दरवाज्यासमोर बाबा बराच वेळ थांबले. दगडात कमळं आहेत, अक्षरं आहेत आणि आत माणूस नाही. नवगजी तोफेवर चढायला ओजसला परवानगी मिळाली नाही, त्यावरून तो रुसला.

चिखलदऱ्याचं फार लिहीत नाही, तिथे सगळेच जातात. सेमाडोहला मात्र दोन रात्री ठेवायला हव्या होत्या. सिपना नदी तिथूनच वाहते. कोरकूत सिपना म्हणजे साग, हे शहानूरच्या गाईडदादांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे नदीवर गेल्यावर काठाचे साग जरा जास्तच नजरेत भरले. जेवण आधी सांगावं लागतं. आम्ही उशिरा सांगितलं, मग पिठलं-भाकरीवर भागवलं, आणि ती सहलीतली सगळ्यात चांगली जेवणं झाली.

शहानूरच्या दुसऱ्या रात्री शेकोटीपाशी बाबांनी विचारलं, धूळघाट कुठल्या अंगाला? दादांनी काळ्या डोंगराच्या पलीकडे हात केला. ओजसने लगेच विचारलं, "आजोबा, त्या गोल रुळावरून जाताना वाघ दिसायचा?"

"काय माहीत," बाबा म्हणाले. "ते वळण यायचं तेव्हा मी दर वेळी झोपलेलो असायचो."