आमचं धुराडं आणि चुन्यासाठी घालवलेला उन्हाळा

फेब्रुवारीत कौलं चाळायला माणूस वर चढला आणि वरूनच ओरडला, "ताई, धुराड्यात पिंपळ आलाय!"

नारायण पेठेतलं आमचं घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, विटा आणि चुन्याचं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा तळमजला पाण्याखाली गेला होता, तरी घर उभं राहिलं. मागच्या अंगाला चुलीचं धुराडं मंगळुरी कौलांतून पुरुषभर वर निघतं. गॅस आला, चूल गेली, नंतर बंबही गेला. मग धुराड्यातून पाऊस आत येतो म्हणून आम्हीच कधीतरी त्याच्या तोंडावर शहाबादी फरशी सिमेंटमध्ये बसवली आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. तेव्हापासून स्वयंपाकघराच्या त्या भिंतीला ओल. मी दर पावसाळ्यात ओलीची कड पेन्सिलीने आखून शेजारी तारीख लिहीत आले.

तीन कंत्राटदार येऊन बघून गेले. एक म्हणाला पाडा, वापरत तर नाही. दुसऱ्याने वॉटरप्रूफिंगचं सांगितलं, तिसऱ्याने पुन्हा सिमेंट. सासूबाई तिघांचंही ऐकत बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "पाडायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हा पहिला चहा त्या चुलीवर केला होता." माझंही मत तेच होतं, पण कारण वेगळं. वरचा भाग पाडला तरी भिंतीतलं नळकांडं आणि ओल तिथेच राहणार होती.

जुन्या वाड्यांच्या डागडुजीवर आयुष्य काढलेले एक गवंडीमामा ओळखीतून मिळाले. त्यांनी गिलाव्यावर हातोडी वाजवली, पोकळ आवाज आला. एक खपली उचकटली तर तिच्यामागे विटेचा चुरा आणि पांढरा लोणा. सिमेंट कडक, जुनी वीट मऊ. उन्हापावसात दोन्ही सारखी हलत नाहीत, मग बारीक चिरा पडतात. त्यांतून पाणी आत जातं, पण सिमेंटमधून सुकून बाहेर पडू शकत नाही. त्यात वरून फरशी, म्हणजे आत वाराही नाही. काजळीतले क्षार त्या ओलीबरोबर आतल्या भिंतीपर्यंत येतात. इतक्या वर्षांत हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. दुरुस्ती म्हणून जे केलं, त्यानेच भिंत कुजत होती.

"चुन्यातच करायचं. पण वेळ द्यावा लागेल, ताई," मामा म्हणाले. त्या वेळेचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

चुना म्हटलं की दुकानदार रंगाची पिशवी पुढे करतात. बोहरी आळीपासून भवानी पेठेपर्यंत मी चार दिवस फिरले. कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून निघालेले न विरलेले खडे, कोणाकडेच नाही. एकाने "तेच असतं हो सगळं" म्हणून सुकी पूड गळ्यात मारली. ती मामांनी चिमटीत घेऊन बाजूला ठेवली, ती हवा खाऊन मेलेली होती. मला त्या दुकानदाराचा अजून राग येतो. दोन हजार रुपये गेले, त्याहून वाईट म्हणजे दहा दिवस गेले. शेवटी मामांनीच त्यांच्या माणसाकडून कळी आणवली. पिंपात पाणी घेऊन एकेक खडा सोडला तेव्हा पाणी अक्षरशः उकळलं. (डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे घालूनच हे करा. मुलांना तर आसपासही येऊ देऊ नका.)

मग तीन आठवडे मुरवत ठेवणं. पिंप झाकलेलं, वर पाणी. मी रोज झाकण काढून बघायचे. एप्रिल सरत आला होता, परांची बांधलेली, भाडं चालू, धुराडं उघडं. शेजारचे विचारायचे, "अजून सुरू नाही?" मी मामांना दोनदा म्हटलं, थोडं सिमेंट मिसळून उरकून टाकू. दोन्ही वेळा ते नुसते मान हलवून गप्प बसले. मग गावच्या जत्रेला म्हणून गेले ते आठ दिवस आलेच नाहीत.

काम मात्र एकदा सुरू झालं की सुरळीत. पिंपळ ओढून काढला नाही, मुळासकट विटा येतात. वरचे पाच थर एकेक वीट सुटी करून मूळ संपेपर्यंत उतरवले आणि चांगल्या विटा पुन्हा वापरल्या. सांधे छिन्नीने हाताने खरवडले. ग्राइंडर लावू द्यायचा नाही, विटेची कड कायमची जाते. एक भाग चुना, तीन भाग वाळू, त्या वाळूतच थोडी सुरखी, म्हणजे विटांची बारीक पूड. तिच्यामुळे चुना ओलीतही धरतो.

आणि पुन्हा थांबणं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो आणि तोवर तो ओलसर राहायला लागतो. मेच्या उन्हात भराभर सुकला तर भुगा. म्हणून ओली गोणपाटं गुंडाळायची आणि दिवसातून तीनदा शिडी चढून शिंपडायचं. ते मी केलं, रोज, एकही वेळ न चुकवता. मधेच वळवाचा पाऊस आला त्या संध्याकाळी मी भिजत ताडपत्री धरून उभी होते. कोपरा धुपला नाही याचा मला आजही अभिमान आहे.

एक आधी सांगायला हवं होतं. काजळी पाडण्याआधी खालचं चुलीचं तोंड ओल्या गोणपाटाने बंद करा, तोंडाला मास्क बांधा. आणि कंत्राटदार बोलावण्याआधी आरसा आणि टॉर्च घेऊन स्वतः खालून वर बघा. आमच्याकडे पारव्यांची घरटी गच्च भरलेली होती.

फरशीऐवजी आता चार विटांच्या पायांवर पत्र्याची टोपी आहे. कडा बाहेर काढलेल्या, बाजूंना जाळी. पाऊस आत येत नाही, वारा खेळतो. कौलं आणि धुराड्याच्या सांध्यात पत्र्याची नवी पन्हळ टाकली. तिथूनही पाणी मुरत होतं.

जूनमध्ये पाऊस लागला. जुलैच्या मध्यात, दोन दिवस झड लागून राहिल्यावर, मी पेन्सिल घेऊन भिंतीपाशी गेले. गेल्या वर्षीच्या रेघेच्या आत हात फिरवला. भिंत कोरडी होती. सासूबाईंना हाक मारली. त्यांनी स्वतः हात लावून बघितला आणि माळ्यावरचा बंब खाली काढायला सांगितला.