कारईच्या मातीतले बारीक शंख : सांगलीहून जाणाऱ्यांसाठी

सांगली-साताऱ्याचा काळा पाषाण लाव्हाचा, त्यात समुद्री शंख शोधू नयेत. दगडातले पांढरे गोल दाणे म्हणजे झिओलाइट किंवा कॅल्साइट ही खनिजं. नामशेष समुद्री गोगलगायी पाहायच्या तर तमिळनाडूतल्या पेरंबलूर जिल्ह्यात, कारईला. तिथली क्रिटेशस (डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडातली) माती आपल्या बेसाल्टहून, म्हणजे या काळ्या पाषाणाहून, सुमारे अडीच कोटी वर्षांनी किंवा त्याहून जुनी. या भागातल्या गोगलगायींचं सविस्तर वर्णन जीवाश्मतज्ज्ञ फर्डिनांड स्टोलिच्का यांनी 1867-68 मध्ये केलं.

मिरज, बंगळूरू, तिरुचिरापल्ली असा रेल्वेप्रवास. पुढे गाडी ठरवून चेन्नई हायवेने पाडळूर आणि तिथून आत. ऑक्टोबर ते डिसेंबर टाळा. तिकडचा खरा पाऊस तेव्हाच, आणि ती चिकणमाती बूट सोडत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत घळींत ताजे थर उघडे पडलेले असतात. सावली नाही, माणशी चार लिटर पाणी घ्या.

सगळे अमोनाइटच्या (गुंडाळलेल्या कवचाच्या नामशेष समुद्री प्राण्याच्या) मागे धावतात. दोन-तीन मिलिमीटरचे शंख मात्र चालताना दिसत नाहीत, ते मातीतून धुऊन काढावे लागतात. परवानगी आधी लेखी घ्या, ती नसेल तर फोटोंवर भागवा. वरची 15 सेंटिमीटर माती बाजूला सारा. तिच्यात आजच्या जमिनीवरच्या गोगलगायींची पांढरी कवचं मिसळलेली असतात आणि हमखास फसवतात. खालची किलोभर पुरे. थर आणि जीपीएस नोंद पिशवीत, पेन्सिलीने.

घरी माती आधी पूर्ण वाळवा. ओलसर गोळा पाण्यात तसाच राहतो, कोरडा आपोआप फुटतो. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवा, मग 2 आणि 0.5 मिलिमीटरच्या चाळण्यांवर हलक्या धारेखाली धुवा. चहाच्या गाळणीतून अगदी बारीक शंख निसटू शकतात. बोटाने चोळलं की टोकं मोडतात. व्हिनेगर अजिबात नको, कवच विरघळतं.

सावलीत वाळवून 20 पट भिंगाखाली ओल्या बारीक ब्रशने उचला. जिप्समच्या कांड्या उंच शंखासारख्या दिसतात, पण त्यांच्यावर नखाचा ओरखडा उठतो. लहान शंख म्हणजे लहान जात असंही नाही. ते मोठ्या जातीचं पिल्लू असू शकतं. तोंडाची कड जाड झालीय का पाहा, तसं असेल तर तो बहुधा पूर्ण वाढलेला. टोकावरचे पहिले वेढे शाबूत नसतील तर जातीचं नाव लावू नका.