वाडीवरच्या गवताच्या गंज्या

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा महाराष्ट्रात वन विभागाच्या लेखी आगीचा हंगाम. उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश या काळात आम्हा वनरक्षकांच्या मोबाईलवर येतो. पण मार्चमधल्या त्या दुपारी संदेशाआधीच पाटण तालुक्यातल्या एका वाडीतून फोन आला, की खालच्या उतारावरून वणवा वर चढतो आहे.

वाडी डोंगराच्या सोंडेवर वसलेली, हीच खरी काळजी होती. चढावर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकून ते आधीच तापवून ठेवतात, शिवाय दुपारचा वाराही दरीतून वर येतो. ज्वाळेच्या उंचीच्या किमान चौपट अंतर माणसाने राखावे, हा ठोकताळा सपाट जमिनीचा आणि पडलेल्या वाऱ्याचा आहे. चढावर तो अपुरा पडतो. म्हणून म्हातारी माणसे आणि मुले यांना डोंगरमाथ्याकडे न पाठवता बाजूच्या नांगरलेल्या वावरात बसवले आणि आम्ही ब्लोअर, म्हणजे हवेचा जोरदार झोत सोडणारी यंत्रे, घेऊन, जळून गेलेल्या पट्ट्यातच पाय ठेवत, कडेकडेने आग आवळत आणली.

जाळरेषेवर, म्हणजे गवत आधीच जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर, ज्वाळा थांबल्या, पण एक ठिणगी ती ओलांडून एका आजींच्या पडवीला टेकवलेल्या गंजीवर पडली. आधी रुपयाएवढा काळा डाग दिसला, मग धूर, आणि कळशी ओतेपर्यंत पडवीचे वासे धुरकटले होते. आजी म्हणाल्या, "साहेब, आग तर लांब हुती की!"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. अमेरिकी संशोधक जॅक कोहेन यांनी कॅनडाच्या जंगलात आग लावून लाकडी भिंतींवर प्रयोग केले, तेव्हा दहा मीटरवरच्या काही भिंती पेटल्या, वीस मीटरवरची एकही नाही. नुसत्या धगीपासून घर वाचवायला एवढे अंतर पुरते. ठिणगी मात्र कितीही लांबून येते आणि घरालगत जे वाळलेले सापडेल ते पेटवते. त्यामुळे भिंतीपासून दीड मीटरच्या आत गवत, गोवऱ्या, सरपण काहीच नसावे आणि गंजी तीस मीटर तरी दूर असावी, असे मी त्याच संध्याकाळी देवळात सांगितले.

अडचण अशी, की त्या अरुंद सोंडेवर एकाच्या घरापासून तीस मीटर म्हणजे दुसऱ्याची पडवी. अखेर सगळ्यांच्या गंज्या देवळामागच्या उघड्या कातळावर न्यायचे ठरले. मग गवे येऊन गवत फस्त करतील, राखण कोणी करायची, यावर बैठक बराच वेळ अडली. शेवटी आळीपाळीने राखण आणि भोवती काट्यांचे कुंपण यावर वाडी तयार झाली.