आज काय, बटणच?

लेकीकडे इंग्लंडात सफोकला आलो की पहिले आठ दिवस बरे जातात. नंतर ती आणि जावई कामाला, नातू शाळेत आणि मी खिडकीत. तिच्या शेजारी एक निवृत्त बसचालक राहतात, वय ७४. गेल्या सप्टेंबरात त्यांनी कुंपणावरून विचारलं, "रविवारी शेतात येता का?" मला वाटलं, काढणी-बिढणी असेल. गेलो तर गहू निघून मोकळं झालेलं रान आणि त्यात सहा म्हातारे. हातात काठीसारखं यंत्र, कानाला हेडफोन, माना खाली. कुणाचं तरी मंगळसूत्र पडलंय आणि सगळी आळी शोधायला लोटलीये, अगदी तसं.

मेटल डिटेक्टर मी तोवर देवळाच्या नाहीतर मॉलच्या दारातच पाहिला होता. तिथे तो वाजला की आपण चोर. इथे वाजला की आनंद, खाली जुनं नाणं असेल म्हणून.

तो आनंद खणेपर्यंतच. यंत्र ओरडतं, माणूस कण्हत गुडघा टेकतो, वीतभर माती उपसतो आणि निघतं बटण. नाहीतर काडतुसाचं पितळी बूड. नाहीतर पेयाच्या डब्याची कडी. लोखंडाचा आवाज घोगरा, चांदीचा बारीक आणि स्वच्छ. पण ही कडी मेली सोन्यासारखं बोलते आणि भल्याभल्यांना गुडघ्यावर आणते. आमच्या शेजाऱ्यांना बायकोची हाक ऐकू येत नाही, चांदीची मात्र मातीखालून येते. हे मला त्यांच्या बायकोनेच सांगितलं, त्यांच्यासमोर, पुरेशा मोठ्याने.

अकराला थर्मास उघडतात.

"आज काय?"

"बटणच."

"चार भोकांचं?"

"दोन."

एवढ्यावर नाण्यांचा विषय संपतो. मग एकाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तारीख मिळत नाही. दुसऱ्याकडे कचऱ्याचा निळा डबा मंगळवारी न्यायचे, तो आता गुरुवारी नेतात, आणि यावर तो पंधरा मिनिटं बोलू शकतो. तिसरा एका हाताने नातीचा फोटो दाखवतो आणि दुसऱ्या हाताने, जाता जाता, तळव्यावर चारशे वर्षांपूर्वीची नखाएवढी चांदी. नातीचं कौतुक आधी करायचं, हे मला दुसऱ्या रविवारी कळलं.

त्या नखाएवढ्या नाण्याला ते 'हॅमर्ड' म्हणतात. इंग्लंडात १६६२ पासून नाणी सरसकट यंत्रावर पडू लागली. त्याआधी ठशावर हातोडा मारून. मला लगेच आईच्या देव्हाऱ्यातली शिवराई आठवली. तीही हातोड्याचीच. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे एका बाजूचं 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूचं 'छत्रपति' पूर्ण उमटलेलं क्वचितच सापडतं. आमच्या शिवराईत 'राजा' होता, 'श्री' कडेबाहेर. लक्ष्मीपूजनाला आई तिला चिंचेने घासायची. हे ऐकून सहाही जण एकदम कळवळले. नाणं घासायचं नसतं म्हणे! आईला हे सांगायची त्यांची काय, माझीही छाती झाली नसती.

मी नाशिकचा. सराफ बाजारातल्या गटाराचा गाळ उपसून पाटीत धुणारे झारेकरी मी लहानपणी तासन् तास पाहिलेत. सोनाराच्या कानशीतून उडालेला कण त्यांच्या पाटीच्या तळाशी चमकायचा. गोदावरीत दोरीला लोहचुंबक बांधून पोरं नाणी काढतात. हल्लीची पोलादी नाणी चिकटतात, जुनं तांबं चिकटत नाही. पण त्या पोरांची, झारेकऱ्यांची संध्याकाळची चूल त्यावर असते. इथे सहा जण दिवसभर राबतात ते पेन्शन असताना. हा फरक मी चहाबरोबर गिळला, बोललो नाही.

या सगळ्यांचं पंढरपूर इथून फार लांब नाही. स्पेलिंग वाचून तुम्ही 'होक्स्ने' म्हणाल, गावकरी 'हॉक्सन' म्हणतात. १६ नोव्हेंबर १९९२ ला तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला म्हणून त्याचा मित्र एरिक लॉज डिटेक्टर घेऊन शोधायला गेला. त्याला रोमन काळातली सुमारे १५,००० नाणी आणि सोन्याचांदीच्या वस्तू लागल्या. थोडं वर काढल्यावर त्याने खणणं थांबवलं आणि कळवलं, म्हणून पुढचं पुरातत्त्ववाल्यांना नीट काढता आलं. ऐवज ब्रिटिश म्युझियमकडे गेला आणि लॉजने बक्षिसाचे १७.५ लाख पौंड शेतकऱ्याशी वाटून घेतले. हातोडाही सापडला, तोही म्युझियममध्येच आहे. लेकीने मला तिथे नेलं तेव्हा मी मात्र थांबलो त्या ऐवजातल्या मिरपुडीच्या चांदीच्या दाणीपाशी. बाईच्या आकाराची, गळ्यात माळ. त्या काळी मिरी यायची ती आपल्या मलबारकडून.

कायदाही गमतीचा. खजिना म्हणता येईल असं काही लागलं तर १४ दिवसांत कळवायचं ते कॉरोनरला, म्हणजे जो अपघाती मृत्यूची चौकशी करतो त्यालाच. पुरलेल्याचा पंचनामा एकाच टेबलावर. आपल्याकडे १८७८ चा कायदा: दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलं तर कलेक्टरला कळवा. त्या हिशेबाने मला उभ्या आयुष्यात कधी कळवावं लागलेलं नाही.

परवाच्या रविवारी निळ्या डब्यावाल्याची गाडीची किल्ली पडली. सगळं सोडून सहाही जण पट्टे आखून शेत विंचरायला लागले. मीही एक जुनं यंत्र उचललं. दोन तासांत चार बटणं, शिशाची एक गोळी आणि भरपूर कड्या. मग माझ्या यंत्राने ती बारीक हाक दिली. गुडघे टेकले, ढेकूळ फोडलं. हॅमर्ड होतं, चांदीचं, कडेला चेपलेलं. मी ओरडलो. पाचही जण धावत आले, पाठीवर थापा पडल्या.

"ते राहू द्या हो," निळ्या डब्यावाला लांबून म्हणाला, "किल्ली बघा."

किल्ली त्याच्या थर्मासच्या पिशवीत होती, बिस्किटांच्या खाली. नाणं पाहायला तो आला, पण जरा उशिराच.