४५० ग्रॅम, २ मीटर: मार्मरू मॉडेल बसवताना

भूल दिलेल्या उंदराच्या कवटीवर पोलादी चकती चिकटवायची आणि उभ्या नळीतून तिच्यावर ४५० ग्रॅमचं पितळी वजन सोडायचं. अँथनी मार्मरू यांच्या गटाने १९९४ मध्ये मांडलेलं मेंदूच्या इजेचं हे मॉडेल वाचायला एवढंच आहे. कवटी उघडावी लागत नाही, आणि रस्ते अपघातात होतो तसा मेंदूभर अक्षतंतूंना (चेतापेशींच्या लांब धाग्यांना) ताण बसतो, म्हणून मी हे निवडलं. एका ठरावीक जागी जखम हवी असेल तर कंट्रोल्ड कॉर्टिकल इम्पॅक्ट (कवटी उघडून यंत्राच्या दट्ट्याने मेंदूवर आघात) घ्यावं. तिथे वेग आणि खोली यंत्रावर लावता येते, पण यंत्र महाग.

आधी कागदपत्रं. संस्थेच्या आयएईसीकडे (प्राणिप्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीकडे) फॉर्म बी, म्हणजे परवानगीचा अर्ज. घासाघीस होते ती प्राण्यांच्या संख्येवर आणि वेदनाशमनावर. शाम गटाला (भूल, छेद, चकती सगळं, फक्त आघात नाही) आणि आघातात दगावणाऱ्यांना संख्येत धरलं नाही, तर मध्येच दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. कवटीला तडा गेलेला प्राणी वगळणार, प्रकृती अमुक इतकी ढासळली की त्याला वेदनारहित मृत्यू देणार, हेही आधीच लिहावं. मंजुरी हातात आल्याशिवाय उंदीर मागवू नयेत. हवे असतात ३५० ते ३७५ ग्रॅमचे, आणि तरुण नर ती मर्यादा बघता बघता ओलांडतात.

खरी मेहनत नळीवर. २ मीटरवरून वजन खाली पोचताना वेग ६.२६ मीटर प्रतिसेकंद आणि ऊर्जा ८.८ ज्यूल हवी. ही झाली गणितातली. नळी किंचित कलली की वजन घासत उतरतं. ओळंबा लावूनही माझा विश्वास बसेना, म्हणून नळीच्या शेवटच्या १५ सेंटिमीटरवर खुणा केल्या आणि मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमने चित्रण केलं. दर फ्रेमला वजन साधारण २.६ सेंटिमीटर सरकायला हवं. २.३ भरलं तर एक पंचमांशाहून जास्त ऊर्जा नळीनेच खाल्ली असं समजा.

चकती १० मिलिमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची. ब्रेग्मा आणि लॅम्ब्डा (कवटीची हाडं जुळतात ते पुढचा आणि मागचा बिंदू) यांच्या मधोमध, डेंटल अ‍ॅक्रिलिकने. हाड गॉजने पूर्ण कोरडं केलं नाही तर चकती सरकते आणि मग तडा ठरलेलाच. उंदराखालचा फोमही मोजमापातलाच भाग आहे. तो दबला की डोक्याची हालचाल बदलते, म्हणून बाजारातला कुठलाही स्पंज चालत नाही आणि जुना झालेला फोम बदलावाच लागतो. वजन उसळून पुन्हा आदळू नये यासाठी आघात होताच फोमसकट उंदीर बाजूला ओढायचा. हे काम दुसऱ्या माणसाचं; वजन सोडणाऱ्याने ते करू नये, उशीर होतो.

यानंतर श्वास थांबतो. तीव्र आघातात बहुतेक मृत्यू इथेच होतात, म्हणून श्वासनलिकेत नळी घातलेली आणि व्हेंटिलेटर तयार हवा. श्वास किती सेकंद बंद होता आणि उताण्या ठेवलेल्या उंदराला पालथं व्हायला किती वेळ लागला, हे दोन्ही टिपावं. इजेची तीव्रता पहिल्यांदा तिथेच कळते.

आयसोफ्लुरेन हे भुलीचं औषध स्वतःच मेंदूला थोडं संरक्षण देतं, आणि शरीर थंड पडलं तरी तसंच संरक्षण मिळतं. त्यामुळे भुलीची मिनिटं सर्व गटांत सारखी आणि गुदद्वाराचं तापमान ३७ अंशांवर. एसीच्या खोलीत उबदार पॅड विसरलात तर औषध न देताच ‘औषधाचा परिणाम’ दिसेल.

सूज मोजताना मेंदू ओला तोलून १०० अंशांच्या ओव्हनमध्ये २४ तास सुकवतो. निरोगी मेंदूत पाणी ७८-७९ टक्के, आणि इजेनंतरची वाढ बहुधा एक-दोन टक्क्यांचीच. कवटीतून काढलेला मेंदू ट्रेवर उघडा राहिला तर तेवढं पाणी तिथेच उडून जातं. म्हणून आधी तोललेली, झाकणाची बाटली हाताशी ठेवावी आणि मेंदू थेट तिच्यात टाकावा.